गुणधर्मांची पूर्वनिर्धारित मूल्ये

ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंगमध्ये एखाद्या क्लासपासून नवे ऑब्जेक्ट निर्माण करताना त्याच्या एखाद्या गुणधर्मासाठी बाहेरून कोणतेही मूल्य पुरविले नाही, तर त्या गुणधर्माला जे मूल्य आपोआप प्राप्त होते त्यास पूर्वनिर्धारित मूल्य असे म्हणतात. प्रोग्रॅमरांच्या नित्याच्या बोलण्यात यासाठी डीफॉल्ट व्हॅल्यू हा शब्द रूढ आहे. हे मूल्य कधी प्रोग्रॅमिंगची भाषाच ठरवून देते, तर कधी क्लास लिहिणारा प्रोग्रॅमर ते नेमतो. मूल्य नेमण्याची लेखनपद्धती बहुतेक भाषांत एकदोन ओळींचीच असते. तथापि ते मूल्य नेमके केव्हा नेमले जाते, ते प्रत्येक ऑब्जेक्टचे स्वतंत्र असते की सर्वांचे सामाईक, आणि ‘माहिती मिळालेली नाही’ या स्थितीची जागा ते नकळत बळकावते काय, या तीन प्रश्नांची उत्तरे ठाऊक नसल्यास आज्ञावली वरकरणी सुरळीत चालूनही चुकीची माहिती देऊ लागते.

स्वरूप

क्लास हा ऑब्जेक्टांचा आराखडा असतो. ग्रंथालयाच्या आज्ञावलीत ‘सभासद’ नावाचा क्लास असेल, तर त्यापासून निर्माण झालेले प्रत्येक ऑब्जेक्ट एकेका सभासदाचे प्रतिनिधित्व करते. नव्या सभासदाची नोंद करताना ग्रंथपाल त्याचे नाव विचारतो. पण त्याला एका वेळी किती पुस्तके न्यावयाची परवानगी आहे, हे प्रत्येकाला नव्याने विचारण्याचे कारण नसते. ग्रंथालयाचा नियम दोन पुस्तकांचा असेल, तर तोच सर्वांना लागू होतो. असा नियम क्लासच्या आराखड्यातच लिहून ठेवता येतो. पुढील मांडणी कोणत्याही विशिष्ट भाषेतील नसून केवळ कल्पना स्पष्ट करण्यापुरती आहे.

क्लास सभासद
    नाव
    जन्मतारीख
    पुस्तकमर्यादा = २
    थकबाकी = ०
    निलंबित = असत्य
    नोंदणीदिनांक = आजची तारीख
    घेतलेली पुस्तके = रिकामी यादी

यातील नाव आणि जन्मतारीख यांना प्रोग्रॅमरने कोणतेही मूल्य नेमलेले नाही. पुस्तकमर्यादा, थकबाकी व निलंबित यांची मूल्ये स्थिर आहेत. नोंदणीदिनांकाचे मूल्य मात्र त्या त्या वेळी काढावे लागते आणि पुस्तकांची यादी ही स्वतःच एक ऑब्जेक्ट आहे. दिसायला या सर्व ओळी सारख्याच असल्या, तरी त्यांचे वर्तन सारखे नसते. या विषयातील बहुतेक चुका शेवटच्या दोन ओळींत आणि वर रिकाम्या राहिलेल्या जन्मतारखेत दडलेल्या असतात.

भाषेने दिलेली मूल्ये

प्रोग्रॅमरने काहीच नेमले नाही तर काय व्हावे, याविषयी भाषांच्या रचनाकारांनी वेगवेगळ्या भूमिका घेतल्या. क्लास आणि ऑब्जेक्ट या संकल्पना प्रथम ज्या भाषेत आल्या, त्या सिम्यूला ६७ मध्येच याचे एक उत्तर सापडते. नॉर्वेतील ओले-योहान डाल व क्रिस्टन निगार्ड यांनी रचलेल्या या भाषेत पूर्णांकाला शून्य, सत्यासत्य मूल्याला ‘असत्य’ आणि दुसऱ्या ऑब्जेक्टकडे निर्देश करणाऱ्या गुणधर्माला ‘काहीही नाही’ असा अर्थ असलेले मूल्य आपोआप मिळत असे. पुढे झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात विकसित झालेल्या स्मॉलटॉकमध्ये सर्वच गुणधर्म ‘निल’ या एकाच मूल्यापासून सुरू होतात.

सी प्लस प्लसने निराळा मार्ग धरला. बियार्ने स्ट्रॉस्ट्रप यांनी १९७९ साली सुरू केलेल्या या भाषेने सी भाषेचा वेग राखण्याचे धोरण स्वीकारले आणि न मागितलेल्या कामाचा भार आज्ञावलीवर टाकावयाचा नाही असे ठरविले. त्यामुळे क्लासमधील साध्या पूर्णांकाला मूल्य नेमले नाही, तर अनेक प्रसंगी त्याला कोणतेही निश्चित मूल्य मिळत नाही. स्मृतीत त्या जागी आधीचे जे काही उरलेले असेल तेच वाचले जाण्याची शक्यता असते आणि असे वाचन भाषेच्या मानकाप्रमाणे अव्याख्यात वर्तन ठरते. या प्रकारच्या चुका शोधणे विशेष कठीण जाते, कारण चाचणीच्या वेळी योगायोगाने तेथे शून्य सापडते आणि प्रत्यक्ष वापरात सापडत नाही. २०११ च्या मानकापासून या भाषेत गुणधर्माच्या घोषणेतच मूल्य लिहिण्याची सोय झाली व हा धोका पुष्कळ कमी झाला.

१९९५ साली जाहीर झालेल्या जावाने पुन्हा शून्याचा मार्ग पत्करला. जावात संख्यात्मक गुणधर्म शून्य, सत्यासत्य गुणधर्म ‘असत्य’ आणि निर्देशक गुणधर्म ‘नल’ होतात. मात्र फंक्शनमधील स्थानिक चलांना ही सवलत नाही. मूल्य न देता ते वाचल्यास कंपायलर आज्ञावली नाकारतो. एकाच भाषेतील हा दुहेरी नियम नवशिक्यांना हमखास गोंधळात टाकतो.

अलीकडील काही भाषा याहून कडक आहेत. २०१४ साली आलेल्या स्विफ्टमध्ये ऑब्जेक्टची उभारणी पूर्ण होण्यापूर्वी त्याच्या साठवणीच्या प्रत्येक गुणधर्माला मूल्य मिळालेच पाहिजे, असा दंडक आहे. ऐच्छिक म्हणून घोषित केलेला बदलता गुणधर्म तेवढा आपोआप ‘निल’ होतो. पीएचपीत २०१९ च्या ७.४ या आवृत्तीपासून गुणधर्माचा प्रकार घोषित करता येतो. असा प्रकार दिलेला गुणधर्म मूल्याविना ठेवल्यास तो ‘नल’ होत नाही, तर ‘मूल्य न मिळालेला’ अशा स्थितीत राहतो आणि त्या स्थितीत वाचल्यास त्रुटी येते. प्रकार न दिलेला गुणधर्म मात्र पूर्वीप्रमाणेच ‘नल’ असतो.

मूल्य नेमण्याच्या जागा

सर्वांत सरळ जागा म्हणजे गुणधर्माची घोषणा. वाचणाऱ्याला गुणधर्म आणि त्याचे मूल्य एकाच ओळीत दिसते. दुसरी जागा कन्स्ट्रक्टरची. ऑब्जेक्ट निर्माण होताना चालणाऱ्या या विशेष फंक्शनमध्ये मूल्ये नेमल्यास एका गुणधर्माचे मूल्य दुसऱ्यावरून काढता येते. उदाहरणार्थ, सभासदाचे वय पाहून त्याची पुस्तकमर्यादा ठरविता येते. तिसरी जागा कन्स्ट्रक्टरच्या पॅरामीटरची. तेथे पूर्वनिर्धारित मूल्य दिल्यास बोलावणारा हवे तर वेगळे मूल्य देऊ शकतो, नाहीतर नेमलेले चालून जाते. जावात पॅरामीटरला असे मूल्य देण्याची सोय नसल्यामुळे कमीअधिक पॅरामीटरांचे अनेक कन्स्ट्रक्टर लिहून त्यांनी एकमेकांना बोलाविण्याची पद्धत पडली. गुणधर्मांची संख्या वाढली की ही पद्धत वाचकाची परीक्षा पाहते.

सी शार्पमधील इतिहास येथे उद्बोधक आहे. २००७ च्या तिसऱ्या आवृत्तीत या भाषेने एका ओळीत गुणधर्म घोषित करण्याची संक्षिप्त पद्धत आणली, पण त्याच ओळीत मूल्य लिहिण्याची सोय दिली नाही. ती २०१५ च्या सहाव्या आवृत्तीत आली. मधल्या काळात मूल्य कन्स्ट्रक्टरमध्ये लिहावे लागे, किंवा संक्षिप्त पद्धत सोडून स्वतंत्र फील्ड ठेवावे लागे. याच सुमारास अनेकांची फसगत करणारी एक गोष्ट म्हणजे ‘डीफॉल्टव्हॅल्यू’ नावाचे ॲट्रिब्यूट. नावावरून ते गुणधर्माला मूल्य देत असावे असे वाटते. प्रत्यक्षात ते काहीही नेमत नाही. गुणधर्माचे नेहमीचे मूल्य कोणते, एवढी माहिती ते डिझायनरसारख्या साधनांना पुरविते. ॲट्रिब्यूटमध्ये २ लिहून ठेवले आणि अन्यत्र काहीच नेमले नाही, तर नव्या ऑब्जेक्टमध्ये शून्यच असते.

मूल्य केव्हा नेमले जाते

वारसा असलेल्या क्लासांत हा प्रश्न गुंतागुंतीचा होतो. ‘बालसभासद’ हा ‘सभासद’ या मूळ क्लासचा उपक्लास आहे असे समजू. जावामध्ये बालसभासद निर्माण होताना आधी त्याची सर्व स्मृती शून्यवत् केली जाते, नंतर मूळ क्लासची घोषित मूल्ये व कन्स्ट्रक्टर पूर्ण होतात आणि त्यानंतरच उपक्लासच्या घोषणांतील मूल्ये नेमली जातात. सी शार्पमध्ये उपक्लासच्या घोषणांतील मूल्ये आधी नेमली जातात आणि मग मूळ क्लासकडे जाणे होते.

हा फरक केवळ पुस्तकी नाही. मूळ क्लासच्या कन्स्ट्रक्टरने ‘ओळखपत्र छापा’ असे फंक्शन बोलाविले आणि उपक्लासने ते फंक्शन स्वतःच्या पद्धतीने लिहिलेले असले, तर जावात उपक्लासचे फंक्शन चालते. पण त्या क्षणी उपक्लासचे गुणधर्म अद्याप शून्य किंवा नल असतात. घोषणेत ‘बालमर्यादा = ३’ असे डोळ्यांसमोर लिहिलेले असूनही ओळखपत्रावर ० छापले जाते. सी शार्पमध्ये त्याच ठिकाणी ३ छापले जाईल. मात्र उपक्लासच्या कन्स्ट्रक्टरमध्ये नेमलेली मूल्ये तेथेही मिळणार नाहीत. सी प्लस प्लसमध्ये तर त्या क्षणी ऑब्जेक्ट केवळ मूळ क्लासचेच मानले जात असल्याने मूळ क्लासचे फंक्शन चालते. तीन भाषांची तीन उत्तरे पाहता, उपक्लासने बदललेले फंक्शन कन्स्ट्रक्टरमधून बोलावू नये, हा सर्वत्र दिला जाणारा सल्ला योग्यच म्हणावा लागतो.

काळाचा दुसरा प्रश्न ‘आजची तारीख’ यासारख्या मूल्यांचा आहे. ही तारीख प्रत्येक ऑब्जेक्ट निर्माण होताना काढली जाते की क्लास प्रथम वाचला जाताना एकदाच? जावा व सी शार्पमध्ये, सामाईक म्हणून मुद्दाम घोषित न केलेल्या गुणधर्माची अभिव्यक्ती प्रत्येक ऑब्जेक्टसाठी नव्याने चालते. पायथनमध्ये क्लासच्या अंगात लिहिलेली अभिव्यक्ती क्लासची व्याख्या होताना एकदाच चालते. सर्व्हरवरील आज्ञावली सोमवारी सुरू झाली आणि शनिवारपर्यंत अखंड चालली, तर शनिवारी आलेल्या सभासदाचा नोंदणीदिनांकही सोमवारचाच पडतो. प्रोग्रॅमरच्या संगणकावर आज्ञावली रोज नव्याने सुरू होत असल्याने तेथे ही चूक दिसतही नाही.

सामाईक मूल्याचा दोष

पूर्वनिर्धारित मूल्यांच्या बाबतीत सर्वाधिक चर्चिला गेलेला दोष यादी, शब्दकोश, संच यांसारख्या बदलत्या मूल्यांतून उद्भवतो. पायथनमध्ये सभासद क्लासच्या अंगात ‘घेतलेली पुस्तके = रिकामी यादी’ असे लिहिले, तर एकच यादी निर्माण होते आणि ती क्लासच्या मालकीची असते. एका सभासदाने नेलेले पुस्तक त्या यादीत भरले की ते सर्व सभासदांच्या नावावर चढते. ज्याने ग्रंथालयातून अद्याप काहीच नेलेले नाही, त्यालाही पुस्तक परत करण्याची सूचना जाते.

येथे एक सूक्ष्म भेद ध्यानात घेणे आवश्यक आहे. त्याच क्लासमधील ‘पुस्तकमर्यादा = २’ हे मूल्यही सामाईकच असते, परंतु त्यामुळे बिघाड होत नाही. पूर्णांक हा बदलता येत नाही. एखाद्या सभासदाची मर्यादा ४ केली, म्हणजे २ या संख्येत बदल होत नसून त्या ऑब्जेक्टवर त्याच नावाचा स्वतंत्र गुणधर्म निर्माण होतो आणि तो क्लासच्या गुणधर्माला झाकतो. इतरांची मर्यादा २ च राहते. यादीत पुस्तक भरताना मात्र नवा गुणधर्म निर्माण होत नाही. जुनीच यादी वाढते, आणि ती सर्वांची असते. गुणधर्माला नवे मूल्य देणे आणि असलेल्या मूल्यात फेरफार करणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत, हे विद्यार्थ्याला या एका उदाहरणातून जितके स्पष्ट होते तितके क्वचितच दुसऱ्या कशातून होत असेल.

कन्स्ट्रक्टरच्या पॅरामीटरला रिकामी यादी हे पूर्वनिर्धारित मूल्य दिल्यानेही पायथनमध्ये हाच दोष येतो, कारण पॅरामीटरांची मूल्येही फंक्शनची व्याख्या होताना एकदाच काढली जातात. यावरील रूढ उपाय म्हणजे पॅरामीटरला ‘नन’ हे मूल्य द्यावयाचे आणि कन्स्ट्रक्टरच्या आत, ते ननच राहिले असल्यास, नवी यादी निर्माण करावयाची. २०१८ साली आलेल्या पायथन ३.७ मध्ये डेटाक्लास ही सोय जोडली गेली. तिच्यात गुणधर्माला थेट यादी नेमल्यास आज्ञावली त्रुटी देऊन थांबते आणि त्याऐवजी मूल्य निर्माण करणारे फंक्शन सांगावे लागते. प्रत्येक ऑब्जेक्टसाठी ते फंक्शन नव्याने चालते, त्यामुळे प्रत्येकाला स्वतःची यादी मिळते.

इतर भाषा या दोषापासून पूर्णपणे मुक्त आहेत असे नाही. जावास्क्रिप्टमध्ये प्रोटोटाइपवर ठेवलेली यादी अशीच सर्व ऑब्जेक्टांत वाटली जाते. २०२२ च्या मानकात समाविष्ट झालेली क्लास फील्डे मात्र प्रत्येक ऑब्जेक्टसाठी स्वतंत्रपणे मूल्य काढतात. जावातही घोषणेत नवी यादी निर्माण न करता अन्यत्र ठेवलेल्या एकाच यादीकडे निर्देश केला, तर परिणाम तोच होतो. पीएचपीमध्ये गुणधर्माच्या घोषणेत स्थिर अभिव्यक्तीच लिहिता येते, नवे ऑब्जेक्ट निर्माण करता येत नाही, आणि तेथील यादीवजा ॲरे मूल्य म्हणून नेमला जात असल्याने एकाची भर दुसऱ्याकडे जात नाही.

शून्य, रिकामे आणि अज्ञात

पूर्वनिर्धारित मूल्य एकदा नेमले गेले की ते कोणी विचारपूर्वक दिले की आपोआप आले, हे ऑब्जेक्टकडे पाहून सांगता येत नाही. नव्या सभासदाची थकबाकी शून्य असणे हे सत्य विधान आहे. परीक्षेस न बसलेल्या विद्यार्थ्याचे गुण शून्य असणे हे असत्य विधान आहे. गुणपत्रकात गैरहजर विद्यार्थ्यापुढे शून्य न लिहिता तशी वेगळी खूण केली जाते ती याचसाठी. ‘गुण’ हा पूर्णांक गुणधर्म मूल्याविना सोडल्यास जावा त्या विद्यार्थ्याला शून्य गुण देते, आणि वर्गाची सरासरी काढताना ते शून्य निमूटपणे मिसळून जाते.

तारखांच्या बाबतीत हा प्रकार अधिक ठळकपणे दिसतो. अनेक संगणकप्रणाली काळ हा १ जानेवारी १९७० पासून लोटलेल्या सेकंदांत मोजतात. तेथे न भरलेली तारीख शून्य झाली की ती १ जानेवारी १९७० म्हणून पडद्यावर उमटते. जागतिक प्रमाणवेळेशी असलेल्या फरकामुळे भारतात सकाळी साडेपाचची वेळ दिसते, तर अमेरिकेत आदल्या दिवसाची म्हणजे ३१ डिसेंबर १९६९ ही तारीख. सी शार्पमध्ये न भरलेली तारीख इसवी सन १ च्या १ जानेवारीची होते. ती निदान पाहताक्षणी खोटी म्हणून ओळखू येते, हा तिचा गुणच म्हटला पाहिजे.

महाराष्ट्रातील वाचकाला हा प्रकार संगणकाच्याही आधीपासून परिचित आहे. शाळेत नाव घालताना मुलाची नेमकी जन्मतारीख घरच्यांना सांगता आली नाही, तर शैक्षणिक वर्षाच्या आरंभाला जुळणारी १ जून ही तारीख गुरुजी दाखलपत्रावर लिहीत. त्यामुळे जुन्या पिढीत १ जूनला जन्मलेल्यांची संख्या कागदोपत्री विलक्षण मोठी आहे. खरोखर १ जूनला जन्मलेली व्यक्ती आणि अशी तारीख मिळालेली व्यक्ती यांत दाखल्यावरून भेद करता येत नाही, पण सेवानिवृत्तीचा दिवस मात्र दोघांच्याही बाबतीत त्याच तारखेवरून ठरतो.

अज्ञात मूल्यासाठी वेगळी खूण असावी, या गरजेतून ‘नल’ वापरण्याची प्रथा रूढ झाली; पण तिनेही स्वतःचे प्रश्न निर्माण केले. नल असलेल्या निर्देशकाकडून काही मागितले की आज्ञावली कोसळते. १९६५ साली अल्गॉल डब्ल्यू या भाषेसाठी नल निर्देशकाची कल्पना मांडणारे टोनी होअर यांनी २००९ मध्ये लंडन येथील एका परिषदेत तिला आपली अब्ज डॉलरची चूक म्हटले. कोटलिन, स्विफ्ट यांसारख्या भाषांनी नल चालणारा आणि न चालणारा असे गुणधर्मांचे दोन प्रकारच वेगळे केले. सी शार्पनेही २०१९ च्या आठव्या आवृत्तीत निर्देशक प्रकारांसाठी असा भेद करण्याची ऐच्छिक सोय दिली. तिच्या २०२२ च्या अकराव्या आवृत्तीत गुणधर्म ‘आवश्यक’ म्हणून घोषित करता येऊ लागला; त्याला मूल्य दिल्याशिवाय ऑब्जेक्ट निर्माणच होत नाही. जन्मतारखेसारख्या गुणधर्मासाठी कोणतेही पूर्वनिर्धारित मूल्य न नेमणे, हाही अशा रीतीने क्लास लिहिणाऱ्याचा एक निर्णय असतो.

सत्यासत्य गुणधर्मांत नावाची निवडही महत्त्वाची ठरते. भाषा आपोआप ‘असत्य’ देत असेल, तर गुणधर्माचे नाव असे असावे की असत्य हेच निर्धोक उत्तर ठरेल. ‘प्रवेशबंदी’ या नावाचा गुणधर्म विसरून मोकळा राहिला तर दार उघडे राहते. ‘प्रवेशपरवानगी’ या नावाचा राहिला तर बंद. जेरोम सॉल्ट्झर व मायकेल श्रोडर यांनी संगणकसुरक्षेची जी तत्त्वे १९७५ साली मांडली, त्यांत स्पष्ट परवानगी नसल्यास प्रवेश नाकारावा हे एक तत्त्व होते.

साठवलेल्या नोंदी

ऑब्जेक्ट फाइलमध्ये साठवून नंतर पुन्हा उभे केले जाते, तेव्हा पूर्वनिर्धारित मूल्ये लागू होतीलच असे नाही. जावाच्या अंगभूत साठवणपद्धतीत ऑब्जेक्ट परत वाचताना साठवणयोग्य क्लासचा कन्स्ट्रक्टर चालत नाही आणि घोषणांतील मूल्येही नेमली जात नाहीत. पुस्तकमर्यादा हा गुणधर्म क्लासमध्ये मागाहून जोडला गेला असून जुन्या फाइलमध्ये तो नसेल, आणि दोन्ही आवृत्ती परस्परांशी सुसंगत असल्याचे क्लासमध्ये नमूद केलेले असेल, तर जुन्या सभासदाची मर्यादा घोषणेतील २ न होता ० होते व त्याला एकही पुस्तक मिळत नाही. मजकूररूपात साठवण करणारी अनेक साधने मात्र आधी कन्स्ट्रक्टरद्वारे ऑब्जेक्ट निर्माण करतात आणि मग सापडलेली मूल्ये त्यात भरतात. तेथे २ टिकून राहते.

याच्या उलट बाजूचा प्रश्न पूर्वनिर्धारित मूल्य बदलताना उभा राहतो. ग्रंथालयाने मर्यादा २ वरून ३ केली आणि क्लासमधील ओळ बदलली, तरी आधी साठवलेल्या नोंदींत २ हा आकडा लिहिलेलाच असतो. त्यांपैकी किती सभासदांना तो नियमाने मिळाला होता आणि किती जणांना पुस्तके उशिरा परत केल्यामुळे ग्रंथपालाने मुद्दाम २ वर ठेवले होते, हे त्या नोंदींवरून कळत नाही. म्हणून काही आज्ञावलींत नियमाने मिळालेले मूल्य नोंदीत लिहीतच नाहीत. ती जागा रिकामी ठेवतात आणि वाचतेवेळी चालू नियमाचे मूल्य घेतात. अशा रचनेत क्लासमधील एक ओळ बदलताच नियमाने चालणाऱ्या सर्व सभासदांची मर्यादा ३ होते आणि मुद्दाम लिहिलेले २ तसेच राहतात.